मासळीच्या खणासाठी गॅस डिटेक्टर घेताय? पंपवालाच घ्या

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. बोटीच्या खणात (मासळी आणि बर्फ ठेवायच्या बंद कप्प्यात), ईटीपीच्या म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी शुद्धीकरणाच्या टाकीत, सेप्टिक टँकमध्ये किंवा विहिरीत माणूस उतरवायचा असेल तर चार वायू (ऑक्सिजन, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि पेटणारा वायू) मोजणारा आणि आतल्या पंपाने नळीतून हवा खेचणारा डिटेक्टर घ्या. आम्ही हनीवेलचा बीडब्ल्यू मॅक्स एक्सटी टू घेतला आणि मी त्यावर समाधानी आहे. मात्र सोबत तपासणीच्या गॅसचा सिलिंडर, त्याचा रेग्युलेटर आणि पुरेशी लांब नळी घ्यायची तयारी नसेल तर डिटेक्टरही घेऊ नका. बिघडलेला सेन्सरही पडद्यावर शून्यच दाखवतो, आणि माणूस त्या शून्याच्या भरवशावर खाली उतरतो.

मी रत्नागिरीत एका मासळी प्रक्रिया कारखान्यात सेफ्टीचं काम बघते. कारखान्याच्या टाक्या ही माझी नोकरी. घरची बोट मिरकरवाड्याला लागते, ती भाऊ बघतो. त्यामुळे या यंत्राचा वापर मी दोन्हीकडे पाहिला आहे. आणि खरं सांगायचं तर कारखान्यापेक्षा बोटीवर त्याची गरज जास्त आहे. कारखान्यात निदान परमिटचा कागद असतो, मॅनहोलजवळ कुणीतरी उभं असतं. बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, म्हणतो "उतर", की खलाशी उतरला.

खणात नेमकं काय होतं ते आधी समजून घ्यायला हवं, नाहीतर यंत्राचे आकडे नुसते आकडेच राहतात. तळाशी वितळलेल्या बर्फाचं पाणी, रक्त, खवले, तारलीचे चेंदलेले तुकडे साचतात. झाकण बंद असतं. जिवाणू ते कुजवतात, कुजवताना आतला ऑक्सिजन खातात आणि बदल्यात कार्बन डायऑक्साइड, अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. हा शेवटचा, ज्याला सगळे एच टू एस म्हणतात, हवेपेक्षा थोडा जड असतो, म्हणून तळाशी बसतो. कुजलेल्या अंड्यासारखा त्याचा वास १ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) आतसुद्धा नाकाला कळतो. पण १०० पीपीएमच्या आसपास वास घेण्याची शक्तीच मरते. वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटतं, आणि नेमका तोच क्षण सगळ्यात वाईट असतो. त्याहून बरंच वर, काही शे पीपीएमला, माणूस बेशुद्ध पडतो. आणखी वाढलं तर दोन-चार श्वासांत कोसळतो.

कोकणात विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडायची जुनी रीत आहे. ज्यांनी ती घालून दिली त्यांच्याबद्दल मला आदर आहे, कारण बंद जागेतली हवा वेगळी असते हे त्यांना ठाऊक होतं. पण कंदिलाची ज्योत विझते ती ऑक्सिजन साधारण १६ टक्क्यांपर्यंत खाली आल्यावर. माणसाच्या कामासाठी हद्द १९.५ टक्के धरतात. विहिरीच्या टप्प्यावर डिझेल पंप चालवला असेल तर कार्बन मोनॉक्साइड माणूस मारण्याइतका साठलेला असतो आणि ज्योत छान जळत राहते. एच टू एसचंही तेच. आणि ईटीपीच्या टाकीत मिथेन साठला असेल तर ज्योत आत सोडणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असला की तो पेटतो.

आता यंत्राकडे. बाजारात साधारण तीन जातीचे डिटेक्टर मिळतात. पहिला खिशाला लावायचा, एकच वायू सांगणारा, उदाहरणार्थ एच टू एसचा बीडब्ल्यू क्लिप. एकदा चालू केला की दोन वर्षं चालतो, चार्जिंग नाही. उतरणाऱ्याच्या अंगावर असायला तो चांगला. पण ऑक्सिजन कमी झाला किंवा मोनॉक्साइड साठला तर त्याला काहीच कळत नाही. दुसरा चार वायूंचा, पण बिनपंपाचा: मायक्रोक्लिपसारखा, किंवा एमएसएचा अल्टेअर फोर एक्सआर. अल्टेअरची एक गोष्ट मला फार आवडते. घालणारा काही वेळ हललाच नाही तर ते यंत्र स्वतःहून अलार्म देतं. आत काम करणाऱ्याच्या छातीवर लावायला ही दुसरी जात उत्तम. मात्र तिच्यापर्यंत हवा आपोआप पोचावी लागते. म्हणजे यंत्र जिथे, तिथलीच हवा ते मोजतं. खणाच्या तोंडाशी धरलं तर तोंडाशीच काय आहे ते सांगेल. काही जण दोरी बांधून ते खाली सोडतात. पण मग आकडा कोण वाचणार? यंत्र आकडे साठवून ठेवत असलं तरी ते वर काढेपर्यंत कुठल्या उंचीला काय होतं हा हिशेब हुकतो, आणि तळाच्या पाण्यात बुडालं तर वेगळाच खर्च.

तिसरी जात पंपवाली, आणि उतरण्याआधीची तपासणी तिच्याच हातची. यंत्र माझ्या हातात, मी फळीवर उभी, नळीचं टोक खाली खणात. डोकंसुद्धा आत घालायला नको. मॅक्स एक्सटी टूला एकच बटण आहे. हे मला आधी साधं वाटलं होतं, आता तोच त्याचा मोठा गुण वाटतो. आमच्याकडे बरेच खलाशी नेपाळचे, दर हंगामात काही नवे. पडद्यावरचं इंग्रजी वाचायची गरज न पडता लाल दिवा, कर्कश आवाज आणि थरथर या तिन्ही गोष्टी सगळ्यांना कळतात. जेटीवर शेजारच्या बोटीचं इंजिन धडधडत असतानाही आवाज ऐकू येतो. नळीच्या तोंडाशी पाणी आलं किंवा ती दुमडली तर पंप थांबून तसं सांगतो, गुपचूप जुना आकडा दाखवत बसत नाही.

गेल्या हंगामाच्या सुरुवातीची गोष्ट. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोट किनाऱ्याला, खण धुऊन बंद केलेला. निदान सगळ्यांचा समज तसा. ऑगस्टमध्ये बर्फ भरण्याआधी भावाने झाकण काढलं. भपकन वास आला, मग वाऱ्याने उडाला. तांडेल आमच्या वडिलांच्या वयाचे, मी त्यांना काका म्हणते. ते म्हणाले, "ताई, आता काय वास येत नाय. जाऊंदे पोराला खाली, मापं कसली घेतेस?" मी म्हटलं, "काका, पाच मिनिटं द्या मला."

यंत्र मी जेटीच्या दुसऱ्या टोकाला, वाऱ्याच्या बाजूला जाऊन चालू केलं. हे फार महत्त्वाचं आहे आणि विकणारे ते सांगत नाहीत. चालू होताना ते आजूबाजूच्या हवेलाच स्वच्छ हवा मानून शून्य धरतं आणि ऑक्सिजन २०.९ धरतं. चालत्या इंजिनाच्या धुराजवळ चालू केलं तर तो धूरच शून्य होतो. मग नळी सोडली. तोंडाशी ऑक्सिजन २०.९, एच टू एस २. मध्यावर २०.५ आणि ११, तिथेच अलार्म सुरू झाला. तळापासून वीतभर वर १९.२ आणि ४६. काकांनी वाकून पडदा बघायचा प्रयत्न केला, मी हात आडवा घालून त्यांना मागे सरकवलं. आकडा त्यांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत. मग त्यांनीच त्या पोराला हाक मारून फळीवरून दूर बसवलं.

मग ब्लोअर (ताजी हवा आत ढकलणारा पंखा) लावला, त्याची हवा नेणारी लांब पिशवी तळापर्यंत सोडली, तासाभराने पुन्हा मोजलं तेव्हा सगळं जागेवर आलं होतं. पण खरी गंमत पुढे आहे, आणि ज्यांना "एकदा मोजलं, झालं" असं वाटतं त्यांनी ती नीट वाचावी. पोरगा हार्नेस घालून उतरला, कोपऱ्यातल्या गाळात फावडं घातलं, आणि शून्यावर असलेला एच टू एस मिनिटभरात १२ वर गेला. वायू गाळात अडकून बसलेला असतो, ढवळला की सुटतो. म्हणून नळी आतच ठेवायची आणि काम संपेपर्यंत यंत्र चालू. शिवाय उतरलेल्याच्या छातीवर एक वेगळं. आमच्याकडे आता दोन आहेत, एक पंपवालं वर आणि एक बिनपंपाचं आत.

नळीबद्दल दोन गोष्टी. पहिली, दर मीटर नळीला किमान ३ सेकंद धरायचे, तेवढा वेळ खालची हवा वर यायलाच लागतो. त्यानंतर आकडा स्थिरावायला सेन्सरला आणखी वेळ द्यावा लागतो. मी प्रत्येक उंचीला दोन मिनिटं थांबते आणि साधारण चार-चार फुटांवर मोजते. वर, मध्ये, तळाशी, तिन्हीकडे. मिथेन हलका म्हणून वर, एच टू एस जड म्हणून खाली, मोनॉक्साइड हवेच्याच वजनाचा म्हणून कुठेही. दुसरी, नळी कंपनीने सांगितलेलीच वापरा. माशांच्या काचेच्या टाकीला लावतात ती पारदर्शक नळी स्वस्तात मिळते आणि नेमकी बसतेही. पण तसल्या साध्या प्लॅस्टिकच्या अंगाला एच टू एससारखा वायू चिकटतो आणि यंत्रापर्यंत कमी पोचतो. खाली ४० असताना वर १५ दिसावं यासाठी कोणी यंत्र घेत नाही.

आमच्या यंत्रात अलार्म असे लावलेत: ऑक्सिजन १९.५ च्या खाली किंवा २३.५ च्या वर, एच टू एस १० आणि १५ पीपीएम, मोनॉक्साइड ३५ आणि २००, पेटणारा वायू त्याच्या पेटण्याच्या किमान हद्दीच्या १० आणि २० टक्क्यांना. शेवटचा आकडा लोक हमखास चुकीचा समजतात. पडद्यावर १० दिसले म्हणजे हवेत १० टक्के गॅस नव्हे. पेट घ्यायला जेवढा लागतो त्याचा दहावा हिस्सा. मिथेनसाठी तो हवेच्या अर्धा टक्का होतो.

ऑक्सिजनच्या आकड्याबद्दल जरा जास्त सांगते, कारण तिथे अनुभवी माणसंसुद्धा फसतात. २०.४ दिसलं की "१९.५ च्या वर आहे, चालतंय" म्हणतात. पण दुसऱ्या एखाद्या वायूने हवा ढकलून जागा घेतली असेल, तर २०.९ चं २०.४ व्हायला त्या वायूचं प्रमाण सुमारे २.४ टक्के लागतं. म्हणजे २४,००० पीपीएम. तो वायू कोणता, हे चार वायूंचं यंत्र सांगेलच असं नाही. कार्बन डायऑक्साइड त्याला दिसत नाही. कामाच्या पूर्ण पाळीसाठी त्याची मर्यादा ५,००० पीपीएम धरतात. म्हणून बाहेर २०.९ आणि आत २०.४ असेल तर मी अलार्मची वाट बघत नाही. ब्लोअर चालू.

न दिसणाऱ्यांची यादी इथे संपत नाही. अमोनिया या यंत्राला कामाच्या पातळीवर दिसत नाही. बर्फाच्या कारखान्यांनी आणि कोल्ड स्टोरेजवाल्यांनी हे लक्षात ठेवावं: तिथला धोका अमोनियाच आहे आणि त्याला स्वतंत्र सेन्सर लागतो. दुसरं, पावसाळ्यात खणात फायबरचं काम चालतं, त्या वेळी रेझिनमधला स्टायरिन. यंत्र मिथेनवर जुळवलेलं असतं, जड वाफा ते कमी दाखवतं. आणि अगदी बरोबर दाखवलं असं धरलं, तरी पेटण्याच्या हद्दीचे १० टक्के होईपर्यंत स्टायरिन ९०० पीपीएमच्या घरात जातो. ७०० लाच तो तत्काळ धोक्याचा मानतात. फायबरच्या कामाला हे यंत्र आग लागू नये इतकंच बघेल, माणसाच्या फुप्फुसांचं काही सांगणार नाही. तिथे भरपूर वारा आणि योग्य मास्क, याला पर्याय नाही.

आता बंप टेस्ट. ज्या दिवशी यंत्र वापरायचं त्या दिवशी सकाळी त्याला माहीत असलेला गॅस पाजून बघायचा: चारही आकडे हलतात का, अलार्म वाजतो का. आमच्या सिलिंडरमध्ये एच टू एस २५ पीपीएम, मोनॉक्साइड १००, मिथेन २.५ टक्के आणि ऑक्सिजन १८ टक्के आहे. दोन मिनिटांचं काम. ते न करण्याची सबब मला आजवर पटलेली नाही. पेटणारा वायू ओळखणारा सेन्सर सिलिकॉनने मरतो. हे वाक्य वर्कशॉपच्या भिंतीवर लावा. डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे, काही गंज सोडवायचे स्प्रे, सीलंट, या सगळ्यांत सिलिकॉन असू शकतं. बोटीवर आणि वर्कशॉपमध्ये हे डबे यंत्राशेजारीच ठेवलेले असतात. सेन्सर मेला तरी पडद्यावर शून्य येतं, यंत्र तक्रार करत नाही, आणि गॅस पाजल्याशिवाय ते उघड होत नाही. शिवाय हा सेन्सर चालायला हवेत पुरेसा ऑक्सिजन लागतो, म्हणून आधी ऑक्सिजनचा आकडा वाचायचा, मग पेटणारा, मग विषारी. ऑक्सिजनच कमी असेल तर पेटणाऱ्याच्या आकड्यावर विसंबायचं नाही.

खरेदीचा अनुभव मात्र कटू. ज्या विक्रेत्याकडून पहिलं कोटेशन आलं त्याने यंत्राचा भाव चांगला दिला, आणि सिलिंडरचं नावच नाही. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, कॅलिब्रेशन सहा महिन्यांनी आमच्याकडे पाठवा, बंप टेस्ट कोण करतं?" सहा महिने तपासणीशिवाय आणि मग आठ-दहा दिवस यंत्र मुंबईत, तोवर टाकीत उतरायचं कशाच्या भरवशावर? दुसऱ्याकडून घेतलं. दाबाखालचा सिलिंडर साध्या कुरिअरने येत नाही, ट्रान्सपोर्टने मागवावा लागतो. मुंबईहून रत्नागिरीपर्यंत यायला वेळ लागतो, म्हणून संपायच्या आधीच मागवा. आणि आल्याबरोबर बाटलीवरची मुदत वाचा. एच टू एस असलेलं मिश्रण वर्षानुवर्षं टिकत नाही. आम्हाला एकदा मुदत जेमतेम उरलेला सिलिंडर आला होता, तो परत पाठवला आणि बदलून घेतला. भांडावं लागलं, पण मिळाला.

खाऱ्या हवेत यंत्राची निगा म्हणजे ओलसर स्वच्छ कापडाने पुसणं आणि चार्जिंगचे पॉइंट कोरडे ठेवणं. स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नका, अल्कोहोलने सेन्सर भलतेच आकडे दाखवतात. नळीच्या टोकाचा फिल्टर मासळीच्या कामात लवकर घाण होतो, दोन-चार जास्तीचे जवळ ठेवा. सेन्सर दोन-तीन वर्षांनी बदलावे लागतात, तो खर्च बोटमालकांनी जाळीच्या दुरुस्तीसारखा हंगामाच्या हिशेबात आधीच धरावा.

कायद्याचं थोडक्यात. पेटणारा वायू असू शकतो अशा जागी न्यायचं यंत्र पेसोची (पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा बघणारी सरकारी संस्था) मान्यता असलेलंच हवं, प्रमाणपत्राची प्रत मागून घ्या. ऑनलाइन मिळणाऱ्या बिननावाच्या स्वस्त डिटेक्टरांपाशी बहुतेक वेळा तीच नसते. कारखान्यांसाठी २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३६ व्या कलमात, सक्षम व्यक्तीने स्वतः तपासून लेखी दाखला द्यावा, नाहीतर उतरणाऱ्याने श्वसनयंत्र आणि पट्टा घालावा व पट्ट्याच्या दोरीचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असावं, असं लिहिलेलं होतं. बोटीवर ही शिस्त कोणी तपासायला येत नाही. म्हणून ती आपणच लावायची. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेने १९८६ साली बंदिस्त जागेतल्या मृत्यूंबद्दल इशारा दिला होता: मेलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोक दुसऱ्याला वाचवायला उतरलेले असतात. आपल्याकडच्या बातम्या आठवा. एक पडतो, त्याला काढायला भाऊ जातो, मग शेजारचा. आमच्या बोटीवर आता नियम आहे की आतला पडला तर कोणी उतरायचं नाही, हार्नेसच्या दोरीने वर ओढायचं आणि ब्लोअर चालूच ठेवायचा. त्या पोराने पहिल्यांदा हार्नेस घालायला कुरकुर केली, तेव्हा काकांनीच त्याचे पट्टे आवळले.

तुम्ही कोटेशन मागवाल तेव्हा विक्रेत्याला एवढं विचारा: पंप यंत्रातच आहे की वेगळा, नळी किती मीटरची आणि कुठल्या प्रकारची, सिलिंडर आणि रेग्युलेटर किमतीत धरलेत का, सिलिंडरची मुदत कुठपर्यंत, सेन्सरची वॉरंटी किती वर्षं, आणि दुरुस्ती चालू असताना बदली यंत्र देणार का. शेवटच्या प्रश्नाला आम्हाला एकानेच हो म्हटलं, त्याच्याकडूनच घेतलं. भाव थोडा जास्त पडला. आता कारखान्याच्या बर्फ विभागासाठी अमोनियाचा स्वतंत्र डिटेक्टर मागवला आहे. तो आला की चालवून बघेन आणि इथेच लिहीन.